एकेरी अवतरणाचा हल्ला

ज्या गोष्टीला कुलूप लावता येते तिला माणूस कुलूप लावतो आणि जिला लावता येत नाही तिच्यासाठी समिती नेमतो. सुसंस्कृत समाज या दोनच खांबांवर उभा आहे. वायफायच्या लहरी आणि वेबसाइट या गोष्टी दुसऱ्या प्रकारात मोडतात, हे शहराच्या हरवले-सापडले कार्यालयाच्या लक्षात जरा उशिराच आले. पण आले, हे महत्त्वाचे. (काही कार्यालयांच्या ते अजून लक्षात आलेले नाही आणि ती सुखात आहेत.)

हरवले-सापडले कार्यालय म्हणजे एक लांबट हॉल. दाराशी काउंटर, काउंटरमागे लोखंडी मांडण्या. एका मांडणीत छत्र्या, एकीत चष्मे, एकीत एकेकटे हातमोजे आणि सगळ्यात वर, जिथे कुणाचा हात पोचत नाही तिथे, काचेच्या बरण्यांत कवळ्या. लोक बसमध्ये, बाकांवर, दवाखान्यात वस्तू विसरतात. कुणी भला माणूस त्या इथे आणून देतो. मग मालक येतो आणि ओळख पटवून आपली वस्तू घेऊन जातो. कवळीची ओळख नेमकी कशी पटवायची यावर कार्यालयात जुना मतभेद आहे. आपण त्यात पडायला नको.

या कार्यालयाचे उपप्रमुख कोयंडेसाहेब. कोयंडे हे त्यांचे आडनाव नव्हे. संध्याकाळी दाराला कुलूप लावून ते चौकापर्यंत जात, परत येत, कुलूप ओढून पाहत, पुन्हा चौकापर्यंत जात आणि पुन्हा येत. समोरच्या दुकानातला न्हावी हे रोज बघे. एके दिवशी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासता फासता त्याने हे नाव ठेवले आणि ते इतके चपखल बसले की पुढे पगारपत्रकावरही तेच आले.

कोयंडेसाहेब सासुरवाडीला राहत. तात्पुरते. लग्न झाल्यापासून.

सासूबाई व्याकरणाच्या निवृत्त शिक्षिका होत्या. शहरातली निम्मी मोठी माणसे त्यांच्या हाताखालून गेलेली. त्या रस्त्याने येताना दिसल्या की भाजीवाल्यापासून वकिलापर्यंत सगळे मनातल्या मनात क्रियापदाचे रूप तपासून घेत. सासरे बऱ्याच वर्षांपूर्वी वारले. त्यांचे शेवटचे वाक्य कर्म आणि क्रियापद यांच्या मधेच राहिले, ही खंत सासूबाईंना अजून होती. घर त्यांचेच. जावई-लेकीची खोली त्यांच्या खोलीला लागून, मधली भिंत इतकी पातळ की कोयंडेसाहेब बायकोला म्हणाले, "उद्या मला लवकर उठव जा," की पलीकडून आवाज येई, "उठव, की उठव जा? एक काय ते ठरवा."

त्यामुळे प्रमुखसाहेब निवृत्त व्हायला आले, तेव्हा कोयंडेसाहेबांच्या मनात एक आशा पालवली. प्रमुखाला राहायला क्वार्टर मिळते. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे गॅलरी. बायकोने ती गॅलरी रस्त्यावरून बघून ठेवली होती आणि कपडे कुठे वाळत घालायचे हेही ठरवले होते. अट एकच होती. वरिष्ठ कार्यालयाकडून सुरक्षेची तपासणी होणार होती आणि तिच्यात कार्यालय उत्तीर्ण व्हायला हवे होते.

"सुरक्षा अधिकारी म्हणून तुम्हीच योग्य," प्रमुखसाहेब म्हणाले. "तुम्ही आजवर एकही ईमेल उघडलेली नाही."

हे खरे होते. कोयंडेसाहेबांनी नम्रपणे मान खाली घातली.

प्रशिक्षणाला ते स्वतः गेले. तिथून येताना एक पिशवी, एक पेन आणि भरपूर धास्ती घेऊन आले. वायफायच्या लहरी भिंतीतून आरपार जातात, हे त्यांना तिथे प्रथमच कळले. इतकी वर्षे आपण फक्त दारालाच कुलूप लावत होतो, या विचाराने त्यांना घाम फुटला. दुसऱ्या दिवशी ते हातात मोबाईल धरून, बेवारस मांजर शोधायला निघाल्यासारखे, लहरी कुठवर जातात ते बघत फिरले. निष्कर्ष चिंताजनक होता. प्रमुखसाहेबांच्या केबिनमध्ये लहरी मुळीच नव्हत्या. काउंटरवर जेमतेम होत्या. रस्ता ओलांडून न्हाव्याच्या दुकानात मात्र त्या ओसंडून वाहत होत्या आणि बाकावर बसलेली गिऱ्हाइके त्यांत डुंबत होती.

पासवर्ड एक ते आठ आकडे ओळीने, असा होता. तो काउंटरवरच्या पाटीवर लिहिलेला होता. (पाटीचे तोंड रस्त्याकडे होते.)

कोयंडेसाहेबांनी पासवर्ड बदलला आणि पाटी उलटी केली. तासाभरात न्हावी खांद्यावरच्या टॉवेलसकट हजर.

"साहेब, तुमचं वायफाय आज चालत नाही हो," तो तक्रारीच्या सुरात म्हणाला.

"ते तुमच्यासाठी नाहीये."

"मग एवढं लांब कशाला सोडलंत?"

कोयंडेसाहेबांनी पाटी आणखी आत सरकवली. न्हाव्याने मात्र जाताना पाटीच्या मागे डोकावून नवा पासवर्ड पाहून घेतला.

मग साहेबांनी कडक पाऊल उचलले. वायफायचे नावच लपवले. प्रशिक्षणात सांगितले होते की नाव लपवल्यावर ते यादीत दिसत नाही, आणि खरोखरच ते कुणालाच दिसेना. कर्मचाऱ्यांनाही नाही. संध्याकाळपर्यंत काउंटरवरच्या कारकूनबाईंनी रीतसर नोंद केली: हरवलेली वस्तू - वायफाय; रंग - सांगता येत नाही; शेवटचे कुठे दिसले - मोबाईलच्या वरच्या कोपऱ्यात; ओळखीची खूण - कधी तीन रेघा, कधी दोन.

आश्चर्य म्हणजे दोनच दिवसांत ते सापडले. जुन्याच नावाने, आणि पूर्वीपेक्षा कितीतरी जोरात. पासवर्डही मागत नव्हते. सगळे कार्यालय त्याला जोडले गेले. प्रमुखसाहेबांच्या केबिनमध्येही आता भरती होती. "सुरक्षा वाढवल्यावर वेग वाढतो," असे कोयंडेसाहेबांनी अहवालात लिहूनही टाकले. मग न्हावी पुन्हा आला. या वेळी चिडून.

"साहेब, तुमच्या माणसांनी माझं वायफाय पार गाळात घातलं!"

"तुमचं?"

"तुमचं गेलं, तर मी माझं घेतलं. गिऱ्हाइकांना नवीन नाव कुठे शिकवत बसू? सवयीचं होतं तेच ठेवलं."

प्रशिक्षणात नेमकी हीच गोष्ट सांगितली होती. कुणी लबाड माणूस तुमच्याच नावाचे दुसरे वायफाय सुरू करतो, तुम्ही बेसावधपणे त्याला जोडले जाता आणि तुमचा सगळा कारभार त्याच्या घरातून वाहू लागतो. कोयंडेसाहेबांनी आधी दार लोटून घेतले. त्यांनी न्हाव्याला बाजूला घेतले.

"खरं सांगा. आमचं काय काय बघितलंत?"

"मी कशाला बघू? हातात वस्तरा असतो माझ्या."

हे उत्तर साहेबांना तांत्रिकदृष्ट्या समाधानकारक वाटले.

वायफायचा प्रश्न असा मिटल्यावर ते पासवर्डांकडे वळले. नियम आले. पासवर्ड लांबलचक हवा, त्यात आकडा हवा, एखादे मोठ्या लिपीतले अक्षर हवे, आणि तो दर आठवड्याला बदलायला हवा. मराठीत मोठी लिपी नसते. त्यामुळे पासवर्ड जाड पेनाने लिहावा असा या नियमाचा अर्थ लावण्यात आला आणि तो सर्वांनी काटेकोरपणे पाळला. पाहणी केली तेव्हा सत्तर टक्के कर्मचाऱ्यांचा पासवर्ड स्क्रीनवर चिकटवलेला आढळला, वीस टक्क्यांचा कीबोर्डखाली; उरलेल्यांना आपल्याला पासवर्ड आहे हेच ठाऊक नव्हते, आणि तेच सर्वांत सुरक्षित निघाले.

कोयंडेसाहेबांनी स्वतःचा पासवर्ड कुठेही लिहिला नव्हता. लिहायची गरजच नव्हती. तो त्यांच्या अंतःकरणातून आलेला होता.

अशात एकदा जेवताना सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, माझी निळी छत्री हरवली होती ना, ती तुमच्या वेबसाइटवर शोधली मी."

"सापडली?"

"छत्री नाही सापडली. बाकी सगळं सापडलं."

कोयंडेसाहेबांचा घास तोंडाशीच थांबला. सासूबाईंनी पान आवरले, हात धुतले आणि लेक-जावई दोघांना पुढच्या खोलीत नेऊन कॉम्प्युटरपुढे उभे केले. वेबसाइटवर 'काय हरवले?' असे विचारून पुढे एक रिकामी चौकट दिलेली होती. त्यात सासूबाईंनी निळी छत्री असे लिहिले. पण नुसते नाही. वस्तूचे नाव सुटे लिहिणे त्यांच्या हाताला जमण्यासारखे नव्हते. त्यांनी ते एकेरी अवतरणचिन्हांत घातले आणि बटण दाबले.

वेबसाइट क्षणभर गोंधळली. मग तिने पोटात होते नव्हते ते सगळे पडद्यावर ओतले. कुणाचे काय हरवले, त्यांचे फोन नंबर, घरचे पत्ते. शहरातल्या एका नामवंत वक्त्याची कवळी, तीही दोनदा. हे सगळे खाली खाली सरकत गेले आणि शेवटी कर्मचाऱ्यांची नावे आली. प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा पासवर्ड. जसाच्या तसा.

"हे तुमचं ना?" सासूबाईंनी चष्मा सारखा करत बोट ठेवले.

तिथे लिहिले होते: सासूबाईपासूनसुटका१.

बायको छताकडे बघू लागली. छतावर बघण्यासारखे काही नव्हते.

"आई, ते... तो सहज आठवेल असा ठेवायचा असतो," कोयंडेसाहेब कसेबसे म्हणाले.

"आठवतो का सहज?"

"रोज."

सासूबाई खुर्चीत बसल्या. त्यांचा आवाज चढला नाही, हे फार वाईट लक्षण होते.

"सुटकेबद्दल माझं काही म्हणणं नाही. ज्याची त्याची इच्छा. पण सासूबाईपासून? अनुस्वार कुठे गेला? सासूबाईंपासून. आदरार्थी बहुवचन आहे ते. इतकी वर्षं माझ्या घरात राहून तुम्ही मला एकवचनात घातलंत?"

कोयंडेसाहेबांना भूमी दुभंगावी असे वाटले. पासवर्ड फुटला की तो ताबडतोब बदलावा, असे प्रशिक्षणात शिकवले होते. सकाळी कार्यालय उघडताच त्यांनी तो बदलला. म्हणजे अनुस्वार घातला.

मग वेबसाइटवाल्याला बोलावणे गेले. हा प्रमुखसाहेबांचा साडू. त्याने चहा पीत पीत सगळा प्रकार समजावून सांगितला. वेबसाइट फार भोळी होती. बाहेरचा माणूस चौकटीत जे लिही, त्यावर तिचा आंधळा विश्वास. अवतरणचिन्ह आले की तिला वाटे, लोकांचे बोलणे इथे संपले, आता पुढचे शब्द म्हणजे आपल्याच साहेबांचा हुकूम. आणि हुकूम समजला नाही की घाबरून सगळे उघडे करून दाखवायचे, असे साडूनेच तिला शिकवून ठेवले होते, चूक शोधायला बरे पडते म्हणून. पासवर्डही त्यानेच जसेच्या तसे ठेवले होते, कुणी विसरला तर सांगायला बरे पडते म्हणून.

"उपाय काय?" कोयंडेसाहेबांनी विचारले.

"लोकांनी लिहिलेलं नुसतं लिहिलेलं म्हणूनच घ्यायचं, हुकूम म्हणून नाही, असं तिला शिकवायचं. पासवर्ड ओळखू येणार नाहीत असे करून ठेवायचे. एका दुपारचं काम आहे."

हा उपाय समितीपुढे आला. समितीला तो पटला नाही. इतक्या गंभीर धोक्यावर एका दुपारचा उपाय करणे म्हणजे धोक्याचा अपमान करणे, असे एका सदस्याने स्पष्ट सांगितले. शिवाय हल्ला कुणी केला? अवतरणचिन्हाने. मग शिक्षा कुणाला व्हायला हवी? चर्चेअंती कार्यालयात एकेरी अवतरणचिन्हावर बंदी घालण्यात आली. दुहेरी अवतरणचिन्ह म्हणजे एकेरीचा सख्खा भाऊ, म्हणून त्यावरही. अर्धविराम एकाच वेळी मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही वाक्यांशी संबंध ठेवून असतो, हे वागणे संशयास्पद ठरले. प्रश्नचिन्हाचा सूर पहिल्यापासूनच उद्धट होता. पूर्णविरामाने कुणाचे काही वाकडे केले नव्हते. पण एकटाच उरला तर उगाच डोळ्यांत भरेल, म्हणून त्यालाही घालवण्यात आले.

"अनुस्वारही टिंबच आहे," एक सदस्य म्हणाला. "तोही काढू या."

"अनुस्वाराला हात लावायचा नाही!" कोयंडेसाहेब कडाडले. ते समितीत पहिल्यांदाच कडाडत होते. का, ते कुणाला कळले नाही. पण अनुस्वार वाचला.

सगळ्या कीबोर्डांवरची ती ती बटणे स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढण्यात आली. बरणीत भरून कवळ्यांशेजारी ठेवली. जनतेसाठी वेबसाइटवर ठळक सूचना झळकली: कृपया चौकटीत अवतरणचिन्ह टाकू नये टाकल्यास सर्वांची माहिती दिसेल. या सूचनेचा परिणाम थक्क करणारा होता. एरवी वेबसाइटवर दिवसाकाठी पाच-सात माणसे फिरकत. आता हजारोंनी येऊ लागली. कोयंडेसाहेबांनी त्याचा आलेख काढून भिंतीवर लावला. रेघ कागदाबाहेर गेल्याने पुढची भिंतीवरच काढावी लागली.

कार्यालयाच्या कामात थोडेफार बदल झाले. काउंटरवरच्या नोंदीत असे वाक्य आले: हातमोजा एक सापडला नाही दुसरा डावा आहे. एक सापडला, नाही दुसरा. का एक सापडला नाही, दुसरा डावा आहे? कारकूनबाई म्हणाल्या, मी लिहिताना मला माहीत होते. हातमोज्याचा मालक एक हात खिशात घालून बराच वेळ उभा राहिला आणि शेवटी निघून गेला. एका कारकुनाने छत्र्यांचा अहवाल लिहायला घेतला. पूर्णविराम नसल्याने त्याला तो थांबवता येईना. तो लिहीतच राहिला. छत्र्यांवरून पावसावर, पावसावरून लहानपणावर आणि तिथून आपल्या मोठ्या वहिनीच्या वागण्यावर गेला. अहवाल अत्यंत सखोल असल्याचा शेरा वरून आला.

प्रश्न एवढाच होता, की हे घरी कसे सांगायचे.

कोयंडेसाहेबांनी ते बरेच दिवस लपवले. पण बातमी आणि वास यांना पातळ भिंत अडवत नाही. एका संध्याकाळी ते घरात शिरले, तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"जावईबापू, विरामचिन्हांवर बंदी घातलीत म्हणे."

"सुरक्षेसाठी, आई. वरून दबाव असतो."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी एक खोल श्वास घेतला. त्या घरातला तो शेवटचा विराम होता.

"मग आता मीही तसंच बोलते या आत बूट तिथे नको इथे काढा हात धुवा चहा ठेवलाय साखर नाही घातली घालू का नको घालते आज तुमच्या मावशींचा फोन आला होता त्या आजारी नाहीत कुत्रं आजारी आहे त्यांचं नळ गळतोय प्लंबर आला नाही गेला असं समजा आणि मी चौतीस वर्षं मुलांना शिकवलं की स्वल्पविराम म्हणजे दुसऱ्याला श्वास घ्यायला दिलेली जागा ती तुम्ही काढून घेतलीत लोकांची तेव्हा आता घ्या श्वास कुठे घेता ते बघू..."

चहा झाला, जेवण झाले, भांडी झाली; सासूबाई चालूच होत्या. हे एक दिवसाचे नव्हते. मधे बोलायला फट नसल्यामुळे कोयंडेसाहेबांना मीठ मागता येईना, दार उघडता येईना, माफी मागता येईना. चौथ्या दिवशी ते अळणी जेवून गॅलरीच्या स्वप्नात कामावर गेले. बायकोने त्यांना फाटकाशी गाठले.

"अहो, काहीही करा, पण ती तपासणी उरकून टाका. आईचा घसा बसायला आलाय."

तपासनीस आले. उंच, सडपातळ, चेहऱ्यावर कधीही न हसण्याचे व्रत. त्यांनी आधी वायफाय तपासले. ते समोरच्या दुकानातून येत होते.

"म्हणजे कार्यालयाचं स्वतःचं वायफाय?"

"आहे. पण ते कुणालाच सापडत नाही."

"उत्तम," तपासनीस म्हणाले आणि त्यांनी कागदावर बरोबरची खूण केली.

मग वेबसाइट. सूचना वाचून त्यांनी स्वतःच्या मोबाईलवरून चौकटीत अवतरणचिन्ह टाकले. (सूचना वाचल्यावर कुणालाही राहवत नसे.) सगळी माहिती पडद्यावर ओघळली. कोयंडेसाहेबांनी डोळे मिटले. क्वार्टरची गॅलरी, तिच्यात वाळणारे कपडे, सगळे एकेक करून दोरीवरून खाली पडताना त्यांना दिसले. तपासनीस सावकाश वाचत कर्मचाऱ्यांच्या नावांपर्यंत आले आणि थांबले.

"सासूबाईंपासूनसुटका१," त्यांनी मोठ्याने वाचले. मग खिडकीबाहेर बघत हळूच विचारले, "मिळते?"

"अजून नाही, साहेब."

तपासनीसांनी एक दीर्घ उसासा सोडला. मग ते पुन्हा सरकारी आवाजात आले.

"ही माहिती आजवर किती लोकांनी पाहिली?"

कोयंडेसाहेबांनी भिंतीवरचा आलेख दाखवला. तपासनीस रेघेबरोबर चालत चालत दारापर्यंत गेले आणि परत आले.

"म्हणजे जवळपास सगळ्यांनीच. गुप्त माहिती म्हणजे काय? जी इतरांना माहीत नसते ती. इथे सर्वांना सर्व माहीत आहे. म्हणजे इथे गुप्त असं काही उरलेलंच नाही. जे उरलेलं नाही ते चोरीला कसं जाणार?" त्यांनी प्रमाणपत्र काढले. "चोरीची शक्यता शून्य. मी बावीस कार्यालयं तपासली, अशी निर्धास्त अवस्था कुठेही पाहिली नाही."

प्रमाणपत्रावर शंभर टक्के सुरक्षित असे लिहिले होते. शेवटी पूर्णविराम होता. तो ब्लेडने खरवडून प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यात आले.

कोयंडेसाहेब प्रमुख झाले. क्वार्टरची किल्ली हातात आली. टेम्पोत सामान चढत होते तेव्हा सासूबाई पायरीवर उभ्या राहून ट्रंका मोजत होत्या. घसा बसल्यामुळे गेले काही दिवस घर अगदी शांत होते आणि ती शांतता कोयंडेसाहेबांना काही केल्या मानवत नव्हती. भिंतीपलीकडून कुणी चूक काढीना. बोललेले बरोबर की चूक हेच कळेना. शेवटची ट्रंक चढली. ते नमस्काराला वाकले.

"नवा पासवर्ड काय ठेवलात?" सासूबाईंनी बसल्या आवाजात विचारले.

तो कुणालाही सांगायचा नसतो. सख्ख्या भावालाही नाही. नियमच तसा आहे आणि तो साहेबांनीच काढला होता. त्यांनी इकडे तिकडे पाहिले.

"सासूबाईंकडेजेवायलाकधी."

सासूबाईंनी तो बोटाने हवेत लिहून पाहिला.

"अनुस्वार आहे. प्रश्नचिन्ह कुठाय?"

"बंदी आहे, आई."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. हसू लपवायला की काय, ते बायकोला विचारले तर ती सांगत नाही.

"रविवारी या," त्या म्हणाल्या. "दोघंही. आणि वेळेवर."

टेम्पो सुरू झाला. कोयंडेसाहेब पुढे बसले होते. चौकापर्यंत गेल्यावर त्यांनी ड्रायव्हरला टेम्पो वळवायला लावला. सासूबाई अजून पायरीवरच होत्या. त्यांनी काही न विचारता हाताने जा जा असे केले, तेव्हा कुठे टेम्पो पुन्हा निघाला.

प्रमुख झाल्यावर कोयंडेसाहेबांनी जनतेसाठी एक नवी सोय सुरू केली आहे. कार्यालयाच्या डाव्या अंगाला एक खिडकी उघडली आहे. वर पाटी आहे: आपला पासवर्ड सुरक्षित आहे का तपासून मिळेल. माणसाने खिडकीशी यायचे, आपले नाव आणि पासवर्ड सांगायचा, आतला कारकून तो लिहून घेतो, वर बघतो आणि म्हणतो, "सुरक्षित आहे." की झाले. सेवा मोफत आहे. सकाळपासून रांग लागते ती न्हाव्याच्या दुकानाला वळसा घालून जाते. सुशिक्षित लोक जास्त असतात.

आपणही आला होतात. गर्दी असूनही आपण शांतपणे उभे राहिलात, आधारकार्ड लागेल का एवढेच पुढच्या गृहस्थांना विचारलेत. आपला नंबर आला तेव्हा आपण खिडकीत वाकलात, मागच्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडाशी हात धरलात आणि अगदी हळू आवाजात सांगितलेत. आपल्या या सावधपणाचे कार्यालयाला फार कौतुक वाटले.